एदुविनाचा तीन बोटांचा मोजा

मित्रांनो, मला तीनच बोटं आहेत. अंगठा, तर्जनी आणि बाकीच्या तिघांना मिळून एकच ऐसपैस खोली. थंड समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या उजव्या हाताचा, मऊ जाड रबराचा मी एक जुना मोजा आहे. चिली देशातल्या आमच्या चिलोए बेटावर माझ्याइतका उबदार मोजा दुसरा नाही. छाती असती तर ती ठोकून सांगितलं असतं.

अंकुद गावातल्या दुकानात मी आणि माझा डावा भाऊ दोन वर्षं खुंटीवर लटकलो. पाणबुडे यायचे, "ही कसली खेकड्याची नांगी!" म्हणायचे आणि पाच बोटांचे घट्ट मोजे घेऊन जायचे. मला फार राग यायचा.

एके दिवशी एदुविना आली. नोल्बेर्तोमामाच्या होडीवरून, पाठीवर हवेची टाकी बांधून ती शिंपले काढायची. आदल्या दिवशी तिने घट्ट मोज्यांच्या आत आईने विणलेले लोकरीचे मोजे घातले होते. आमच्याकडे थंडी म्हटली की लोकर, मग पाण्याखाली का असेना! लोकरीने आतली सगळी जागा खाल्ली, मोजा आवळला, बोटांपर्यंत रक्त पोचेना. वर यायला कमरेचा जड शिशाचा पट्टा सोडायचा, तोही तिला सोडवेना. मामाने तिला कसंबसं वर ओढलं आणि बजावलं, "पुन्हा बोटं गोठली तर बुडी बंद! किनाऱ्यावर बसून शिंपले सोल!"

म्हणून तिने दुकानात थंड पाण्याची बादली मागितली. मला घालून हात बुडवला आणि डोळे मिटून, सोबत आणलेल्या पट्ट्याची कडी तीनदा उघडली, तीनदा लावली.

दुकानदार म्हणाला, "बाई, मोजा घेताय की नवरा?"

"नवरा घेताना एवढं बघितलं नव्हतं, म्हणून आता बघतेय!"

दुसऱ्या दिवशी होडीवर, बुडी मारण्याआधी, तिने किटलीतलं कोमट पाणी आम्हा दोघा भावांत ओतलं.

"अगं ए! माझ्या चहाचं पाणी ते!" मामा ओरडला.

"एक दिवस चहा नको पिऊस, मामा."

चाळीस मिनिटं ती खाली होती. ते पाणी मी धरून ठेवलं, पण तिचा हात कुठेही आवळला नाही. वर येताच तिने स्वतः कडी उघडली आणि पट्टा मामाच्या हातात दिला.

मामाने पट्टा खाली ठेवला. मग त्याने आपला उजवा हात पुढे केला. "पोरी, सहा वर्षांपूर्वी बुडीत गोठली, तेव्हापासून या दोन बोटांना काही कळत नाही. हात खिशात ठेवायचो, कुणाला बोललो नाही. हा मोजा मला बसेल का गं?"

एदुविनाने मला त्याच्या हातात चढवलं. त्या दोन बोटांजवळ मी जीव तोडून ऊब धरली.

मित्रांनो, मोजा निवडताना जाडी बघा, पण आत बोटं हलतात का तेही बघा. काम झालं की आम्हाला गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवू नका, माझा अंगठा तिथेच तडकला. आणि घरात कुणी हात खिशात लपवत असेल तर वेळेवर विचारा. एदुविनाची दहाही बोटं आम्ही दोघा भावांनी आजवर राखली, पण मामाची ती दोन मला परत आणता आली नाहीत.