रिळावर राहिलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. रंगाने तपकिरी, करंगळीहून अरुंद, रिळावर गुंडाळलेली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेली. खोकं उघडलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. माझ्या जातीच्या फितींना म्हातारपणी तो येतोच. तुम्ही नाक मुरडलंत तरी मला राग यायचा नाही. राग, लोभ, आनंद यातलं मला फारसं काही होत नाही. समोर जे वाजतं ते धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

साठच्या दशकात एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तिथे मी कोरीच होते. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका रेकॉर्डिंगच्या खोलीत. खोलीच्या भिंतींना गोधडीसारखं जाड कापड ठोकलेलं होतं आणि मधोमध माणसापेक्षा उंच लाकडी फळ्या उभ्या केल्या होत्या, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून. त्या फळ्यांआड चौघे बसले. दोघे गिटारवाले, एक गायक आणि एक ड्रम वाजवणारा. गायक आणि ड्रमवाला सख्खे भाऊ. गायक धाकटा, ड्रमवाला थोरला. सगळे त्यांना धाकटा आणि थोरला असंच म्हणत, म्हणून मीही म्हणते.

ते रॉक वाजवत. कान किटतील इतक्या जोरात वाजवत. पण शेवटच्या गाण्यात एक जागा अशी होती की चौघेही एकदम थांबायचे. पुरती शांतता. मग पुन्हा सगळे एकाच क्षणी तुटून पडायचे. आता फळ्यांमुळे कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. मग पुन्हा सुरू कधी करायचं? थोरल्याने त्यावर तोड काढली होती. शांततेच्या शेवटी तो नाकाने मोठा श्वास ओढायचा, सूंऽ करून. तो कानावरच्या हेडफोनमध्ये ऐकू आला की बाकीचे सुरू.

काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट वैतागला. "अरे, नाकात इंजिन बसवलंयस का? सगळं फितीवर येतंय!"

थोरला म्हणाला, "मग यांना कळणार कसं? मी काय चिठ्ठी पाठवू?"

सगळे हसले. रेकॉर्डिस्टने कपाळावर हात मारला आणि काम पुढे चालू ठेवलं. माझ्यावर तो श्वास उमटला. पुढे माझ्यावरून तबकड्या काढताना त्याने त्या जागेला आवाजाची दांडी अलगद खाली ओढली. तबकडीत श्वास आला नाही, नुसती शांतता आली.

आणि लोकांनी त्या शांततेला डोक्यावर घेतलं. वर्तमानपत्रांत तिच्यावर लिहून आलं. इतके दांडगे वाजवणारे आणि असे थांबतात, पुन्हा एका क्षणात असे एकत्र येतात, हे जमतं कसं? एका मुलाखतीत धाकट्याला हेच विचारलं. तो ऐटीत म्हणाला, "ती शांतता माझ्या डोक्यातून आली." थोरला शेजारीच बसला होता. त्याने फक्त भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. तो कौतुकाचा होता की कशाचा, ते मी कसं सांगणार? मी तिथे नव्हते. रेकॉर्डिस्टने हे माझं खोकं कपाटात ठेवताना कुणाला तरी सांगितलं, ते मी ऐकलं.

वर्ष उलटायच्या आत कार्यक्रमाहून परतताना त्यांची गाडी ओल्या रस्त्यावर उलटली. तिघे वाचले. थोरला गेला.

त्याची बायको महिन्याभराने रेकॉर्डिंगच्या खोलीत त्याचं उरलेलं सामान न्यायला आली होती. काठ्या, एक स्वेटर, चहाचा मग. सगळं पिशवीत भरलं, नीट घडी घालून भरलं, आणि गेली. ती गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "एक टिपूस नाही हो डोळ्यांत. दगड आहे दगड." मला ते बोलणं कळलं नाही. मीही कपाटात तशीच होते, आणि मला कुणी दगड म्हटलं नव्हतं.

धाकटा पुढे खूप गायला, नाव कमावलं, पण ते गाणं त्याने पुन्हा म्हटलं नाही. घरी ती तबकडीही लावायचा नाही म्हणे.

माझं काय झालं? काही नाही. या कपाटातून त्या कपाटात, तिथून तळघरात. एकदा वरचा नळ फुटला आणि माझ्या शेजारची खोकी भिजून लगदा झाली. मी कोरडी राहिले, ते निव्वळ नशीब. माझी हाडं ठिसूळ होत गेली, म्हणजे मला हाडं असती तर. कुणी आलं नाही याचं वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. पहिल्या पहिल्यांदा वाटलं. मग सवय झाली, आणि मग सवय झाली आहे हेही विसरायला झालं.

मग एक दिवस खोकं उघडलं. केस मागे घट्ट बांधलेली, सुती हातमोजे घातलेली एक बाई माझ्याकडे बघत होती. जुन्या फितींवरचं गाणं संगणकात घेऊन ते धुऊनपुसून नव्यासारखं करायचं, हा तिचा व्यवसाय. तिने मला हुंगलं आणि सहायकाला म्हणाली, "हिला एकदाच वाजवता येईल. दुसऱ्यांदा लावली तर तुकडे हातात येतील." त्या एका खेपेतही मी तीन ठिकाणी तुटले. तिने दर वेळी यंत्र थांबवलं, माझी टोकं जुळवून बारीक चिकटपट्टी लावली आणि पुढे गेली. तिच्या हातांना घाई नव्हती. इतक्या वर्षांनी कुणीतरी असं धरलं, ते मला बरं वाटलं. हो, वाटलं.

महिन्याभरात तिने सगळी खरखर, खुडबुड, चरचर काढून टाकली. बाहेर पाठवण्याआधी घरच्यांनी ऐकावं म्हणून तिने धाकट्याला बोलावलं. तो आता पांढऱ्या केसांचा म्हातारा होता. बरोबर वहिनीला घेऊन आला. वहिनी म्हणजे तीच, पिशवीवाली. खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली. मी टेबलावर खोक्यात होते.

गाणी सुरू झाली. काय सांगू! गिटारच्या तारेवर बोट घासलेलं कळत होतं. धाकटा बघता बघता खुलला. "वहिनी, ऐकताय ना? कालच गायल्यासारखं वाटतंय." ती म्हणाली, "चांगलं आहे." दूधवाल्याला म्हणावं तसं म्हणाली.

शेवटचं गाणं लागलं तसा तो न राहवून सोबत गुणगुणायला लागला. शांतता आली. तो डोळे मिटून थांबला. वाद्यं पुन्हा कोसळली आणि त्याचं तोंड नंतर उघडलं. चुकला. "पुन्हा लाव," म्हणाला. पुन्हा चुकला, या वेळी आधीच सुरू झाला.

"गेला आपला ताल," तो हसून म्हणाला, पण चेहरा उतरला होता. "स्वतःचंच गाणं आणि शिरता येत नाही."

बाई म्हणाली, "मी वेळेत काही बदल केलेला नाही. मधे फक्त एक आवाज होता, सूं असा. खराबी समजून काढला."

धाकट्याने वहिनीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं केलंस. राहू दे तसंच."

"कसला आवाज?" वहिनीने विचारलं.

"काही नाही हो. त्यात काय ऐकायचं?"

"मला ऐकायचा आहे."

"वहिनी, लोक त्या शांततेला ओळखतात. उगाच कशाला..."

"मला ऐकायचा आहे म्हटलं ना, भाऊजी."

बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि न पुसलेलं गाणं लावलं. सगळे थांबले. शांतता. मग सूंऽ.

धाकट्याचं तोंड आपोआप उघडलं आणि सूर बरोबर जागेवर पडला, केसाचाही फरक नाही. आणि वहिनी खुर्चीतून अर्धी उठली. पर्स खाली पडली. एक हात पुढे झालेला, तशीच ती उभी होती.

बाईने गाणं बंद केलं. "काकू, काय झालं?"

"दार उघडायला निघाले होते," वहिनी म्हणाली. आवाज अगदी साधा. "चार जिने चढून यायचा ना. दाराबाहेर उभा राहून असाच श्वास ओढायचा, मग दार वाजवायचा. वाजवेपर्यंत मी उठलेली असायचे." ती खाली बसली. "रडू येत नव्हतं तेव्हा. लोक काय काय बोलले. मला आपलं वाटायचं, अजून दार कुठे वाजलंय."

धाकट्याने वाकून तिची पर्स उचलली, झटकली, तिच्या मांडीवर ठेवली. बराच वेळ तो पर्सच्या बंदाशीच चाळा करत राहिला. "ती शांतता माझी नव्हती, वहिनी," तो म्हणाला. "त्याची होती." मग बाईकडे वळला. "आवाज परत घाल. कुणी काही म्हणो."

लोकांनी म्हटलंच. नवी आवृत्ती निघाली, तिचं कौतुक झालं, आणि काहींनी तक्रार केली की एवढं साफ केलं तर मधला तो घोरल्यासारखा आवाज कसा राहिला? हसू आलं मला. मला येतं त्या मानाने बरंच आलं.

निघताना वहिनीने मला हातात मागितलं. बाईने खोकं दिलं. तिने ते दोन्ही हातांवर तोललं आणि म्हणाली, "एवढंच वजन?" मग परत केलं.

आता मी थंड, कोरड्या खोलीत असते. मला पुन्हा कुणी वाजवणार नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारख्या फिती पडून असतील. त्या ओलीत ठेवू नका. कुणाकडून साफ करून घ्याल तेव्हा शेजारी बसा, आणि काय काय काढलं ते विचारा. आणि मित्रांनो, ते गाणं कधी कानावर पडलं तर शांततेच्या जागी पुढे ढकलू नका. तिथे थोरला दाराशी उभा आहे. त्याला वाजवू द्या.