कॉडची कलेजी

आयलिफने कॉडचं पोट चिरलं, कलेजी अलगद सोडवली आणि पातेल्यात टाकली. कारखान्याची आचारीण टूरिड वाकून बघायला लागली.

"अगं बाई, आपल्या फ्योर्डच्या खाडीतला मासा आणि असली फिकट, गोजिरी कलेजी! विश्वासच बसत नाही, आयलिफकाका."

"हं," आयलिफ म्हणाला आणि सुरी धुवायला वळला.

जस्ताच्या त्या कारखान्याने पन्नास वर्षं खाडीत घाण ओतली होती. त्यातली एकतीस वर्षं ती घाण सोडणाऱ्या नळाची चावी आयलिफच फिरवत होता. अजूनही नांगर वर ओढला की दोरीला काळा गाळ लिबलिबत येई, कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा. विष कलेजीत साठतं म्हणून गावाने इथल्या माशाची कलेजी खाणं सोडून एक पिढी उलटली होती. आता म्हणे तळातल्या गाळावर वाळू पसरली, खाडी स्वच्छ झाली. त्या अहवालावर सही होती त्याच्याच मुलीची, प्रयोगशाळेतल्या गुन्वोरची. तिला सातवा महिना चालू होता. खाडी स्वच्छ झाली म्हणून आज कारखान्याकडून अख्ख्या गावाला जेवण, आणि मासे आयलिफने कारखान्याच्या धक्क्याखालचे आणायचे असं ठरलेलं.

पण काल त्याची होडी धक्क्यापाशी थांबलीच नव्हती. दीपस्तंभ ओलांडून त्याने थेट उघड्या समुद्रात गळ टाकले. पोटच्या पोरीच्या सहीवर आपला भरवसा नाही, याची परतताना त्याला इतकी लाज वाटली की तो पाण्यात थुंकला. कुणाला कळलं असतं तर पोरीची अब्रूच गेली असती.

पानं वाढून झाल्यावर कारखान्याचा साहेब हाल्वोर उठला.

"ही आपल्या खाडीची कलेजी, ही गाबोळी! पोटभर खा! मला मात्र डॉक्टरांनी चरबी बंद केलीय."

लोक हसले. साहेबाने बटाटे तेवढे वाढून घेतले. आयलिफला त्याच्या गुळगुळीत हनुवटीची किळस आली.

समोर बसलेल्या गुन्वोरने कलेजीचा तुकडा ओठांपर्यंत नेला, चारी बाजूंना बघून हसली आणि हात मांडीवर घेतला. तुकड्यावर कागदी रुमालाची घडी पडली. त्या घडीवर तेलाचा डाग पसरत गेला.

"काय चव आहे ना, बाबा!" ती मान खाली घालून म्हणाली.

शेजारच्या टेबलावर बाया पोरांना कलेजी भरवत होत्या. सही होती ना! आपणच वाढवलेली ही पोर. आयलिफ पुढे झुकला.

"खा. दीपस्तंभापलीकडचा आहे."

गुन्वोरने वर पाहिलं. कानांपर्यंत लाल झाली. मग तिने रुमाल उलगडला आणि गार झालेला तुकडा तोंडात टाकला.

टूरिड पातेलं घेऊन आली, घामाघूम आणि खुशीत.

"आयलिफकाका, उद्यापासून आम्हीपण पोराबाळांसकट धक्क्यावर गळ टाकून बसणार बघा!"

आयलिफने ताट बाजूला सारलं.

"खाडीचं खरं काय ते सांग तिला," तो मुलीला म्हणाला.

गुन्वोरच्या तोंडात अजून घास होता.