झेंडूच्या झोळीखालची शीर

गप्प राहण्यात रंजनाचा फायदा उघड होता: लेकीचा साखरपुडा सिन्नरला विनाविघ्न पार पडणार होता. म्हणून स्तनाखाली हाताला दोरीसारखं काहीतरी कडक लागतंय, हे तिने पंधरा दिवस कुणाला सांगितलं नाही. कॅन्सरच, असं मात्र मनाशी ठरवूनही टाकलं.

साखरपुडा उरकल्यावर ती थोरल्या जावेशी, यशोदाबाईंशी बोलली. त्यांनी तिला थेट नाशिकच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "छातीला घट्ट काय बांधता?"

"झेंडू तोडायची झोळी. सैल बांधली की घसरती."

"मग तिचंच काम. कातडीखालची ही शीर रक्त काळजाकडे परत नेते. ती दाबली गेली, आत रक्त गोठलं आणि ताठ झाली. कॅन्सर नाही. झोळी बांधू नका, काही आठवड्यांत जाईल."

रंजना हसता हसता रडायला लागली.

"आधी नाय सांगायचं व्हय?" यशोदाबाई फणकारल्या. "मला वाटलं, विहीणबाईची धास्ती घेऊन वाळत चाललीस!"

दवाखान्याची फी यशोदाबाईंनी भरली. गप्प राहण्याची किंमत, पंधरा रात्रींची झोप, मात्र रंजनाने एकटीने मोजली होती.