वाल न पेरलेलं वर्ष

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मला विचारलं, "हे घरी कडधान्य खातच नाहीत का?"

बाबा माळकरी, त्यामुळे अंडी-मासळीचा प्रश्नच नव्हता. डाळी-कडधान्यं उरली, ती आईने बंद केली होती. किडन्या बिघडायला लागल्या तेव्हा सल्लाच तसा होता. पुढे मी राहते त्या महाडला डायलिसिस सुरू झालं. मशीन रक्तातली अमिनो आम्लंही काढून नेतं, म्हणून मग प्रथिनं उलट जास्त लागतात. हे गावी, वरंधला, आईपर्यंत कुणी पोचवलंच नाही. तिने पथ्य आणखी कडक केलं. बाबांना मोह नको म्हणून भातकापणीनंतरच्या ओलीवर दरवर्षी पेरायचे ते वालही यंदा पेरले नाहीत.

"खूप झिजलेत," डॉक्टर म्हणाले. "सुरू करा. पण फार आशा धरू नका."

मी महाडहून वाल घेऊन बाबांबरोबर घरी गेले. आई ते सुपात निवडत असताना तिला सांगितलं.

"नऊ अमिनो आम्लं आपल्या शरीराला करता येत नाहीत, आई. झाडं ती करतात. दाणा भरताना वालाची पानं पिवळी पडतात ना? पान आपलं प्रथिन मोडून दाण्यात पाठवतं. भातात त्यातलं एक आम्ल कमी असतं, ते वालात भरपूर असतं."

आईचा हात थांबला. "म्हणजे पोटभर भात वाढून मी यांना उपाशी ठेवलं."

"कोण उपाशी?" बाबा पडवीतून म्हणाले. "मशीनवरून सुटलो की स्टँडवर उसळ हाणतो मी. तुझ्या पेजेवर कोण जगलं असतं, रखमे?"

"खोटं नका बोलू."

"हिला विचार. हीच बसवते मला एसटीत."

स्टँडवर बाबा अर्धा कप चहा घेत, तोही बहुतेकदा टाकून देत. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन किती खाली गेलंय, ते मी त्याच दिवशी रिपोर्टात वाचलं होतं.

"सांग गो बाय," आई म्हणाली. "तू नाय खोटं बोलत."

"खातात," मी म्हणाले. "वर तर्रीही मागतात."

"मी मेली यांच्यापायी वाल सोडले," आई कडाडली, "आणि हे स्टँडवर मजा मारतात!" बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. ती बराच वेळ बोलत होती.

वालाचं बिरडं झालं, तेव्हा बाबांना चारच घास गेले.

"स्टँडवरची बरी लागते वाटतं?" आई म्हणाली.

"तिथली तिखट असते," बाबा म्हणाले.

पावसाळ्याआधी ते गेले.

परवा आई महाडला आली आणि म्हणाली, मला त्या स्टँडवरच्या हॉटेलात ने. मी तिला समोर दिसलं त्यात नेलं. तिने उसळ मागवली.

"कुठं बसायचे?"

मी खिडकीजवळचं टेबल दाखवलं. ती उठून तिकडे जाऊन बसली, आणि तिथेच तिने वाटी संपवली.