चारशे बारा नंबरचा शर्ट

आमच्या दुकानातून कपडा डागासकट बाहेर गेला, असं तीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. डाग राहिला तर गिऱ्हाईक भांडायला येतं. निघाला तर कपडे काखोटीला मारून चालू लागतं. लॉन्ड्रीचं काम असंच असतं, चांगलं झालं की दिसत नाही.

आमची थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. धाकटी काउंटरवर बसायची, आलेल्या कपड्यांना नंबर टाकायची आणि मधल्या वेळात वहीत काहीतरी खरडायची. मला वाटायचं, नंबरच लिहितेय. एक दिवस म्हणाली, "आई, मी सिनेमा काढतेय. दीड तासाचा. व्हिडिओवर."

मी इस्त्री उभी केली. "आणि त्यात कामं कोण करणार?"

"आहेत की गल्लीत माणसं."

गल्लीत माणसं होती, यात वाद नाही. लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक होता, त्याला सगळे शूटिंगवालाच म्हणत. त्याचा कॅमेरा सोमवारी रिकामा असायचा. औषधाच्या दुकानात एक लंबू होता. वरच्या फळीवरची बाटली तो स्टुलाशिवाय काढतो, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. धाकटीने त्याला हिरो केलं. मी कपाळावर हात मारला. सोमवारी गल्लीतल्या सगळ्या दुकानांना सुट्टी, त्यामुळे दर सोमवारी सकाळी ही वरात आमच्या दुकानात जमायला लागली. आमचे हे मुकाट्याने बाकडं पुसून ठेवू लागले. ह्यांचं बोलणं कमी. बाकडं पुसलं म्हणजे परवानगी मिळाली असं समजायचं.

गोष्ट साधी होती. एका माणसाचा बहिणीशी सहा वर्षं अबोला असतो. तो तिचं जुनं शिलाई मशीन दुरुस्त करून घेतो आणि ते खांद्यावर टाकून तिच्या घरी निघतो. सकाळी निघालेला संध्याकाळी पोचतो, वाटेत नाही नाही त्या भानगडी होतात. शेवटी बहीण दार उघडते.

"मग? काय म्हणते ती?" मी विचारलं.

"काही नाही म्हणत. शर्टाकडे बघते. खांद्यावर मशीनच्या तेलाचा डाग, पोटावर चहा, कोपराला भिंतीचा निळा रंग. दिवसभर त्याचं काय झालं ते तिला शर्टावरूनच कळतं."

"तीन डाग आणि धुवायला टाक म्हणत नाही? कसली बहीण!"

धाकटीने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. ते तिला लहानपणापासून छान जमतं.

शर्टही आमच्याच दुकानातला. लोक कपडे टाकतात आणि न्यायला विसरतात. कोणी गाव सोडतं, कोणी जग सोडतं. मी कोणाचा कपडा फेकत नाही, त्यांच्यासाठी एक वेगळं कपाट आहे. लंबूच्या हातांना पुरेल असा त्यात एकच शर्ट निघाला. बारीक चौकड्यांचा, अकरा वर्षं कपाटात पडलेला, कॉलरच्या आत माझ्या हातचा लाल दोऱ्याने घातलेला नंबर, चारशे बारा. तसला दुसरा शर्ट कुठे मिळेना. म्हणून धाकटीने ठरवलं की सिनेमा सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्रमानेच काढायचा. डाग जसजसे पडतील तसतसे पडू द्यायचे, आणि शर्ट अजिबात धुवायचा नाही. शूटिंग संपलं की तो पिशवीत घालून खिळ्याला टांगायचा. पिशवीवर तिने कागद डकवला, 'हात लावू नये'. तो कागद कोणासाठी होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी चेष्टा केली खरी, पण एकदा मागच्या खोलीत टीव्हीवर तिने काढलेलं मला दाखवलं. लंबू मशीन खाली ठेवतो, मान पुसतो, इकडे तिकडे बघतो आणि पुन्हा ते उचलतो. बस, एवढंच. पण टीव्हीत मला लंबू दिसेचना. दमलेला, घाबरलेला, बहिणीकडे निघालेला कोणीतरी माणूस दिसत होता. हे माझ्या मुलीने केलंय, असं मनात आलं. तोंडाने मात्र म्हटलं, "बरं आहे."

असे सव्वीस सोमवार झाले. शेवटचा, दारातला प्रसंग तेवढा राहिला होता. आणि लंबूच्या मालकाने दुसऱ्या शहरात दुकान काढलं आणि लंबूला तिकडे जायला सांगितलं. हातात एकच सोमवार उरला.

त्याच आठवड्यात मी माती खाल्ली.

मंगळवारची सकाळ, कपड्यांचा ढीग पडलेला. लंबूने आदल्या दिवशी जायच्या बातमीने गडबडून शर्ट पिशवीत न घालता काउंटरवरच टाकला होता, आणि तो ढिगात गेला. माझे हात एकदा कामाला लागले की मला विचारत नाहीत. तेलावर खडूची पूड, मग साबण, मग मऊ ब्रश. चहाला लिंबू. निळ्या रंगाला स्पिरिट. डाग जुने होते, हट्टी होते, आणि असले डाग समोर आले की मला भूक लागत नाही. दुपारी इस्त्री करून मी शर्ट उजेडात धरला आणि ह्यांना हाक मारली.

"अहो, बघा तरी! कित्येक महिन्यांचा मुरलेला डाग होता. आहे का कुठे?"

ह्यांनी शर्ट मागून पुढून पाहिला. मग कॉलर उलटली. लाल दोरा, चारशे बारा.

"छान निघालाय," हे म्हणाले आणि बाकड्यावर बसले.

तेव्हा कुठे मी शर्ट ओळखला. शर्ट लपवावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण धाकटी आली तेव्हा तो माझ्या हातातच होता. तिने तो घेतला, दारात नेला, उजेडात धरला. ती ओरडली असती तर मीही दोन शब्द उलट बोलले असते आणि दोघींना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "कोपराचासुद्धा काढलास गं."

शूटिंगवाल्याने तोडगा सुचवला, "हिरो वाटेत मित्राकडे आंघोळ करतो आणि शर्ट धुतो असं दाखवू. पाच मिनिटांचं काम."

"मग बहिणीने बघायचं काय? इस्त्री?" धाकटी म्हणाली. तिने वही मिटली. "राहू दे. नाही होत सिनेमा. बऱ्याच जणांचे होत नाहीत."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "राहू दे म्हणजे काय? सव्वीस सोमवार काय मी झोपा काढल्या? ज्या हाताने डाग काढले त्याच हाताने घालते."

"आई, खोटा डाग लगेच कळतो."

"हे तू मला सांगतेस?"

"आणि समोर बाई आहेत," ती हळूच म्हणाली.

हे मात्र खरं होतं. बहिणीच्या कामासाठी तिने आमच्या चष्मेवाल्या बाईंना विचारलं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या, आमचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खवट गिऱ्हाईक. धुतलेला प्रत्येक कपडा त्या दारात नेतात, उजेडात धरतात, अंगठ्याने घासून बघतात आणि मगच पिशवीत घालतात. धाकटीला त्यांचं ते बघणंच हवं होतं. बाईंना अभिनयाचा गंध नव्हता. समोर खरा डाग असला तरच त्यांच्या डोळ्यांत तो दिसणार होता. खोटा असला तर तेही दिसलं असतं.

मला सहा दिवस मिळाले. तीस वर्षं गिऱ्हाइकांना जे जे करू नका म्हणून बजावत आले, ते ते मी केलं. डागावर गरम पाणी ओतू नका, गरम इस्त्री फिरवू नका, उन्हात टाकू नका, डाग पक्का बसतो. मला तो पक्काच बसवायचा होता.

दुपारी दुकान बंद असताना धाकटी मागच्या खोलीत टीव्हीवर चित्र थांबवून धरायची. थांबवलेलं चित्र थरथरायचं, मध्येच आडवी पांढरी रेघ यायची. पण शर्ट चौकड्यांचा होता, हे आमचं नशीब. मी काचेला नाक लावून चौकडे मोजले. तेलाचा डाग खांद्याच्या शिवणीपासून खाली सात चौकडे, गळ्याच्या बाजूला पाच, आणि मागच्या अंगाला एक शेपटी. चहाचा ओघळ तिसऱ्या बटणापासून निघून पाचव्याच्या डावीकडे थांबलेला. सगळं कागदावर उतरवून घेतलं.

आधी जुन्या चादरीच्या तुकड्यांवर करून पाहिलं. चहा जमला, ओतला, वाळवला, कडेला पुन्हा बोट फिरवलं, वरून इस्त्री दाबली, आणि जुन्या चहाला असते तशी काळपट किनार आली. निळा रंग तर त्याच भिंतीवरून खरवडून आणला, पाण्यात कालवून लावला. तेलाने मात्र माझा अंत पाहिला. ओतलं की गोल पसरायचं, चकाकायचं. मी सात तुकडे फुकट घालवले आणि दिसेल त्याच्यावर खेकसत सुटले.

आमचे हे तुकड्यांकडे बघत होते. म्हणाले, "तेल ओतलेलं नव्हतं. ओझ्याने घासलं गेलं होतं."

एवढं बोलून त्यांनी चारशे बारा अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली आल्या. तेल दिलेलं मशीन खांद्यावर घेतलं आणि दुकानात फेऱ्या मारायला लागले, काउंटरपासून मागच्या दारापर्यंत आणि परत. पुढचे तीन दिवस, दुपारी एक तास. मी मागे मागे, हातात कागद, चौकडे मोजत. साठीचा माणूस! शेजारच्या शिंप्याने दाराच्या फटीतून पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला. चौथ्या दिवशी मी डागावर रस्त्याची धूळ फुंकली, उन्हात टाकला, इस्त्री फिरवली. मग टीव्हीसमोर धरला. सात चौकडे, पाच चौकडे, शेपटी. धाकटीने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा शर्टाकडे, आणि शर्ट पिशवीत घातला. पिशवीवर कागद तोच होता.

सोमवारी बाईंच्याच घराच्या दारात कॅमेरा लागला. शर्ट धुतला गेल्याचं बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. मी जिन्याच्या तळाशी उभी होते. लंबू वर गेला, खांद्यावरचं मशीन खाली ठेवलं, दार वाजवलं. बाईंनी उघडलं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग त्यांची नजर शर्टावर उतरली, अगदी आमच्या काउंटरवर उतरते तशी. पोट, कोपर, खांदा. तिथे थांबली. धाकटीने त्यांना फक्त बघायला सांगितलं होतं. पण बाईंचा हात आपोआप पुढे गेला, त्यांनी अंगठ्याने खांद्यावरचा डाग घासला, पुन्हा घासला, आणि म्हणाल्या, "हा आता निघायचा नाही."

हे वाक्य वहीत नव्हतं. लंबू गोंधळला, त्याचे डोळे भरून आले. शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद केला नाही. लग्नघरात कोणाचे डोळे भरले की कॅमेरा चालू ठेवायचा, ही त्याची हाताची सवय. धाकटीनेही थांबवलं नाही. बाईंनी दार पूर्ण उघडलं आणि लंबू मशीन घेऊन आत गेला.

मग बाई जिना उतरून तडक माझ्याकडे आल्या. "काय हे! सहा महिने डाग मुरू दिलात? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

इतकं गोड बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलंच हो बाई." अंगावर मूठभर मांस चढलं होतं ते मान खाली घालून थोडंच लपतं.

सिनेमा शाळेच्या सभागृहात दाखवला, रविवारी सकाळी. सगळी गल्ली आली. लंबू खास त्या शहरातून आला आणि शेवटच्या रांगेत बसला, मागच्यांची अडचण नको म्हणून. सुरुवातीला नावं आली. 'कपडे आणि डाग : आई'. मी ते वाचेपर्यंत पुढचं नाव आलंसुद्धा. ह्यांनी माझा हात दाबला म्हणून खात्री पटली. मग दीड तास मी माझ्या मुलीचा सिनेमा पाहिला. लोक हसायचे तिथे हसले. मशीन चोरीला गेलं तेव्हा शिंपी मोठ्याने "अरे!" म्हणाला. शेवटचा प्रसंग आला. बाईंचा अंगठा पडद्यावर केवढा मोठा दिसत होता.

"हा आता निघायचा नाही."

पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. माझ्या मात्र अंगाची लाही झाली. निघायचा नाही म्हणजे काय? तीस वर्षांत माझ्याकडून एक डाग राहिलेला नाही, आणि सगळ्या गल्लीसमोर हे! शब्द अगदी ओठांवर आले. मी जीभ दातांखाली धरली.

अंधारात धाकटी माझ्या कानाशी वाकली. त्या मंगळवारानंतर शर्ट धुतल्याबद्दल ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आता तिचे खांदे हसण्याने हलत होते आणि गाल ओले होते.

"निघतो ना गं आई?"

"निघतो," मी म्हटलं. "पण आता मी हात लावणार नाही."