शेवटच्या थांब्याची लोकसंख्या

आमच्या तालुक्यात माणसं कमी आणि जागा उदंड. इतकी उदंड, की शेजाऱ्याशी भांडायचं म्हटलं तरी आधी त्याच्या घरापर्यंत चालत जावं लागतं, आणि पोचेपर्यंत निम्मा राग वाटेतच सांडतो. त्यामुळे गुन्हे होत नाहीत. एक हवालदार आहे, तो बिचारा वर्षानुवर्षं चोराची वाट बघतोय. नर्सबाई माणसांना सुया टोचतात आणि वेळ पडली तर बकऱ्यांनाही. न्हावी आहे, तोच टपाल वाटतो, म्हणून गाल साबणाने माखलेला असताना तुमचं पत्र मिळू शकतं. मास्तरांच्या वर्गात एका पोराला सर्दी झाली तरी हजेरी कोसळते. एक चहावाला आहे आणि एक बस आहे. त्या बसची कंडक्टर मी.

ड्रायव्हरला सगळे ‘पायलट’ म्हणतात, कारण त्याच्या बसला सायकलीसुद्धा मागे टाकतात. तो वाईट वाटून घेत नाही. तो कशाचंच वाईट वाटून घेत नाही, हाच तर माझ्या डोक्याला ताप आहे.

आता आमच्या बसची गोष्ट अशी, की तिच्यात माणसं फारशी बसत नाहीत. वस्तू बसतात. मास्तरांचा चष्मा दुरुस्तीला निघतो, नर्सबाईंची औषधं पायलटच्या सीटमागे ठेवलेली असतात, कुणाचा कुकर, कुणाची कोंबडी, कुणाच्या शिवायला टाकलेल्या विजारी. खिडकीतून द्यायचं, खिडकीतून घ्यायचं. माणसं घरी निवांत आणि त्यांच्या वस्तू गावभर हिंडताहेत. एवढ्या लांबच्या लांब घरांना दुसरं काय परवडणार? वस्तूंना तिकीट नाही, त्यामुळे माझ्या मशीनमधून तिकिटं निघतात ती अगदीच मोजकी.

शेवटचा थांबा पठारावर. तिथे पूर्वी चांगली वस्ती होती, मी तिथलीच. हळूहळू एकेक घर उठलं आणि आता तिथे एकच माणूस राहतं. माझी आई.

तिला मी किती वेळा म्हटलं, बाई, खाली ये माझ्याकडे. आमचं दोघींचं एका छताखाली जमायचं नाही, संध्याकाळपर्यंत छप्पर उडेल, हे मलाही ठाऊक आहे. पण निदान पडलीझडलीस तर कळेल तरी! तर नाही. ‘मी इथून हलायची नाही.’ बस, विषय संपला. कारण विचारलं तर म्हणायची, ‘मला इथली हवा मानवते.’ डोंबलाची हवा! वारा असा की दोरीवरची पातळं पार दरीत जातात. तिच्या हट्टाचं रडगाणं सगळ्या तालुक्याला ऐकवून झालं होतं, काहींना तर दोनदोनदा.

अशात एक दिवस एसटीच्या वरच्या ऑफिसातून फोन आला. साहेब येताहेत. शेवटच्या थांब्यापर्यंत बस कशाला जाते ते प्रत्यक्ष बघणार, आणि मग मार्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार.

नोकरीचं बघता आलं असतं, पण आईचं काय? बस बंद झाली तर ती खाली उतरायची नाही आणि तिची रक्तदाबाची गोळी वर चढायची नाही. त्या पठारावर एकटी बसून राहील हट्टाने, आणि एक दिवस... मी पुढचा विचारच केला नाही. चहावाल्याच्या बाकावर बसून चक्क रडले.

“रडतेस काय?” नर्सबाई म्हणाल्या. “साहेबाला गर्दी हवी ना? दाखवू गर्दी.”

ठरलं. साहेब येतील त्या दिवशी सगळ्यांनी बसमध्ये बसायचं. मी बजावून सांगितलं, “मधेच कुणी उतरू नका. थेट शेवटचं तिकीट काढा.” उत्साह म्हणजे काय विचारता! न्हाव्याने इस्त्रीचा शर्ट घातला. मास्तरांनी अख्खी शाळा आणली. चहावाला, दुकानदार, हवालदार, सगळे आले. जी माणसं एकमेकांचे कुकर रोज ओळखत होती, ती एकमेकांना कैक वर्षांनी भेटत होती. “अरे, तू एवढा जाड कधी झालास?” “आणि तुझे केस कुठे गेले?” बसमध्ये नुसता कल्ला.

एकच गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. सगळं गाव बसमध्ये म्हटल्यावर गावात कोण?

साहेब जीपमधून उतरले तेव्हा बाजारात एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. दुकानाला कुलूप, दवाखान्याला कुलूप, पोलीस चौकीलासुद्धा कुलूप. घामाघूम झालेले साहेब चहाच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले.

“हे पण बंद?” साहेब ओरडले.

“मालक प्रवासाला गेलेत!” बसच्या खिडकीतून मालक स्वतःच ओरडला. मी कपाळावर हात मारून घेतला.

साहेब बसमध्ये चढले. बसायला जागा नव्हती, म्हणून मास्तरांनी दोन पोरांना मांडीवर घेतलं. पायलटने गाडी सुरू केली, म्हणजे सुरू झाली असं आम्ही समजलो.

“तुम्ही कुठे निघालात?” साहेबांनी नर्सबाईंना विचारलं.

“शेवटच्या थांब्याला. पेशंट बघायला.”

“आणि तुम्ही?”

“शेवटच्याच थांब्याला,” न्हावी म्हणाला. “केस कापायला.”

“मी चौकशीला,” हवालदाराने न विचारताच सांगितलं.

“मी परीक्षा घ्यायला,” मास्तर म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “तिकडे राहतं तरी कोण?”

आता खोटं बोलायला तोंड उघडावं, तर पायलट मागे वळून शांतपणे म्हणाला, “हिची आई राहते.”

“अजून?”

“अजून कोण नाही.”

“म्हणजे एका म्हातारीचे केस कापणार, तिची परीक्षा घेणार आणि वर पोलीस चौकशी करणार? आजच्या आज?”

उत्तर दिलं ते एका कोंबडीने. मला वाटलं, संपलं. बस गेली, आई गेली.

पठारावर पोचलो. रोज मी खिडकीतून गोळ्यांची पुडी आणि दुधाची किटली देते, ती खिडकीतून कालची रिकामी किटली देते, पायलट गाडी वळवतो आणि आम्ही निघतो. इंजिनसुद्धा बंद होत नाही. आज सगळी बस रिकामी होऊन तिच्या अंगणात उभी राहिली. आई दारात आली, एवढी माणसं पाहिली आणि तिचा चेहराच उतरला.

“कोण गेलं गं?” तिने विचारलं. मग स्वतःच्या हाताला चिमटा काढून म्हणाली, “मी तर नाही ना?”

“आजी, तुम्ही इथेच राहता?” साहेब पुढे झाले.

मी तिला चांगलं पढवून ठेवलं होतं. ‘मी रोज बसने जाते’ एवढंच म्हणायचं होतं. पण ती बाई माझं कधी ऐकेल तर शपथ.

“राहते म्हणजे काय, राहावंच लागतं,” ती म्हणाली. “मी कधीच खाली गेले असते. तिथे दाराशी बघा, पिशवी भरून ठेवलीय.”

मी पाहिलं. खरंच पिशवी होती. रोज खिडकीतून बघून परत जाणाऱ्या मला ती कशी दिसणार?

“मग गेलात का नाही?” साहेबांनी विचारलं.

“अहो, पलीकडच्या वाडीतलं शेवटचं घर उठलं आणि त्याच आठवड्यात तिथली बस बंद झाली. डोळ्यांनी पाहिलंय मी. मी उतरले तर इथे कोण? इथे कोणी नसलं तर बस कशाला? आणि बस नसली तर ही काय करणार? घंटी वाजवण्यापलीकडे येतं काय हिला?”

सगळे हसले. मला हसू येईना. रडू आवरायचं असलं की मला राग येतो, तसा आला.

“तुला कुणी सांगितले होते हे उद्योग?” मी ओरडले. “मी इथे जीव टांगणीला लावून बसलेय, सगळ्या गावाला तुझा हट्ट सांगत फिरतेय, आणि तू...”

“ओरडू नकोस, साहेब आलेत,” आई म्हणाली. “आणि ही एवढी माणसं कशाला आणलीस? कप दोनच आहेत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “आमच्याकडे अशी माहिती होती की इथे कुणीच राहत नाही. मी तेवढंच बघायला आलो होतो. एक माणूस जरी राहत असेल, तर बस येणार. तसा नियमच आहे.”

म्हणजे इस्त्रीचा शर्ट, अख्खी शाळा, बाजारातली कुलुपं, सगळा खटाटोप फुकट! आईने दारात येऊन नुसता हात हलवला असता तरी काम झालं असतं. न्हावी मात्र म्हणाला की आलोच आहोत तर केस कापतो, आणि त्याने खरंच साहेबांचे कापले.

तेव्हापासून सगळ्या तालुक्याचा जीव आईत अडकलाय. नर्सबाई सारख्या रक्तदाब तपासायला येतात. दुकानदार तिला जास्त मीठ पाठवत नाही. तिला शिंक आली तर हवालदार चौकशीला येतो, शेवटी एकदाचं त्याला काम मिळालं. आई तक्रार करते, पण केस मात्र रोज विंचरून बसते.

पायलट आता शेवटच्या थांब्याला इंजिन बंद करतो. वेळापत्रकात तसं नाही, पण आमच्याकडे वेळापत्रक बघतं कोण? मी आत जाते. चहा होतो, मग भांडण होतं, मग आम्ही निघतो. दाराशी ती पिशवी अजून तशीच भरलेली आहे. परवा मी म्हटलं, “आई, आता तरी रिकामी कर ती.”

“असू दे,” ती म्हणाली. “तू रिटायर झालीस की लगेच निघता येईल.”