पतंगाच्या गाभ्यातली लाली

“पतंगाला पाणी घालायचं न्हाय, बाई. एकदा मूळ धरलं की तहानेवर सोडायचं. तवाच त्याच्या गाभ्यात लाली उतरती.”

माझ्या सासूबाई, कुशाबाई, हे म्हणाल्या तेव्हा पतंगाचं ते काटेरी रोप माझ्या गुडघ्याएवढं होतं. पिंपळीच्या आमच्या रानात, उसापासून लांब, मुरमाच्या उंचवट्यावर त्यांनी ते लावलं. ह्यांच्या लहानपणच्या आजारात सासूबाईंनी नरसिंहपूरच्या देवाला नवस केला होता. दर नृसिंहजयंतीला पतंगाच्या लाकडाच्या लाल रंगात रंगवलेला शेला. रंगाच्या ढलप्या बारामतीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून यायच्या. एक तरी शेला आपल्या झाडाचा जावा, एवढं त्यांचं मागणं.

पौषात त्या गेल्या. त्याआधी माझा हात धरून म्हणाल्या, “औंदा झाड चौदा वर्सांचं हुतंय. शेला तू ने.”

मी व्हय म्हणाले. पण एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती.

रोज पूजा होईपर्यंत मी बोलत नाही, आणि पूजेच्या कलशातलं पाणी तुळशीला घालते. झाड लावल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पतंगाच्या पानांनी माना टाकल्या. तहानेलं झाड तिथं उभं असताना हात जोडायला मन धजेना. उरलेलं पाणी नेऊन त्याच्या बुंध्याशी ओतलं. पुढं कलशाची कळशी झाली, उन्हाळ्यात दोन. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, “कसं तरारलंय बघ!” मी खाली बघायची.

जयंती चार दिवसांवर आली तेव्हा कुंडलिक सुतार करवत घेऊन आले. आधी त्यांनी दंडाएवढी फांदी उतरवली. आत पांढरंफेक, खोबऱ्यासारखं.

“वैनी, पतंगच हाय नव्हं ह्यो? का म्हातारीच्या गळ्यात कुणी शेवगा मारला?”

“मी पाणी घालत होते,” मी म्हणाले. “रोज.”

ह्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. “चौदा वर्सं?”

“तेरा.”

“मौन सकाळचं आस्तंय म्हणं तुझं. ह्ये कुठल्या वेळंचं?”

कुंडलिकांनी मध्ये तोंड घातलं. “ऱ्हाऊ द्या, रणजितराव. आता बुंधा कापल्याबिगर कळायचं न्हाय. आन् आत काय न्हाय निघालं, तर झाड बी गेलं आन् शेला बी. दुकानातनं आणा की ढलप्या. देव काय इचारतोय व्हय?”

देव विचारणार नव्हता. पण व्हय मी म्हणाले होते.

“कापा,” मी म्हणाले.

झाड पडताना आवाज फार झाला नाही. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. उघडले तेव्हा बुंध्याच्या मधोमध अंगठ्याएवढा ठिपका होता. पिवळा. मी पदर डोळ्यांना लावला.

“आवं, लगीच काय रडताय?” कुंडलिक म्हणाले. “ वारं लागू द्या त्याला. भाकरी खाऊन येऊ.”

परत गेलो तर पिवळ्याचा शेंदरी झाला होता, आणि कडेनं, अगदी सुतासारखी, लाली धरत होती.

कुंडलिकांनी पांढरं तासून काढलं. ढलप्या जेमतेम चार ओंजळी भरल्या. लोखंड लागलं तर रंग काळवंडतो, म्हणून तांब्याच्या पातेल्यात त्या रातभर भिजवून दुसऱ्या दिवशी उकळल्या. एवढ्याशा रंगात अख्खा शेला फिकाच राहिला असता. मी शेल्याचं मधलं अंग घट्ट बांधून घेतलं आणि रंग धरावा म्हणून तुरटीच्या पाण्यातून काढलेले दोन्ही पदर तेवढे बुडवले.

“देवाला अर्धाच शेला?” ह्यांनी विचारलं.

“माझ्या पाण्यातनं एवढीच लाली वाचली.”

वाळल्यावर ते धुवायला घेतले. पहिलं पाणी लाल आलं, दुसरं गुलाबी. तिसरं स्वच्छ आलं. पदर लालच होते.

जयंतीच्या सकाळी पूजा करून कलश घेऊन बाहेर आले. पाय सवयीनं उंचवट्यावर गेले. बुंध्याच्या कापावर मुंग्या फिरत होत्या. कलशाचा हात कलला, तसाच थांबला. मागं येऊन मी सगळं पाणी तुळशीला घातलं.

“बारामतीच्या स्टँडवर सोडू का?” ह्यांनी विचारलं.

पूजा झाली होती, पण मौन मी सोडलं नव्हतं. आजचं पहिलं बोलणं देवाशी करायचं होतं. तेरा वर्षांच्या त्या कळशीचं. मी मानेनंच नको म्हटलं, शेल्याची पिशवी छातीशी धरली आणि नरसिंहपूरला जायला इंदापूरची एस. टी. धरायला निघाले.